भोकाचा पैसा आणि आजीची पावली

“पप्पा, आपल्या डब्यात तो भोकाचा पैसा आहे ना? तो विकला तर लाखभर रुपये मिळतात म्हणे!”

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन चपला काढतो न काढतो तोच थोरल्या मुलीने हा प्रश्न केला. तिच्या मोबाईलवर कुठलीशी जाहिरात आली होती. जुनी नाणी द्या आणि लाखो रुपये घ्या; फक्त त्याआधी नोंदणीची फी म्हणून अडीच हजार रुपये पाठवा. मुलगी कॉलेजात शिकते, चार गोष्टी तिला कळतात. तरीही तिचे डोळे लकाकले होते. कारकुनाच्या घरात लाखाचा आकडा ऐकल्यावर कोणाचे लकाकणार नाहीत? खरे सांगतो, क्षणभर माझेही लकाकले.

मी म्हटले, “बाळा, आधी डबा तर काढ. काय विकायला निघालो आहोत ते नीट बघू.”

वाचक बंधू-भगिनींनो, आमच्या घरी बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात सव्वाशेच्या आसपास नाणी आहेत. छंद म्हणून ती कोणी जमवलेली नाहीत. छंद जोपासायला लागणारा पैसा आणि सवड, दोन्ही आमच्या घराला माहीत नव्हते. नाणी आपली येत गेली आणि काही ना काही कारणाने राहून गेली. त्या डब्यात पहिली दोन नाणी कशी आली, ते आज सांगतो.

माझे बालपण धरमतरच्या खाडीकाठी गेले. पेणहून अलिबागला जाताना अंबा नदीची ही खाडी लागते. गावाच्या नावातच ‘तर’ आहे. तर म्हणजे होडीने पलीकडे जाण्याची जागा. एके काळी मुंबईहून येणाऱ्या बोटी इथल्या धक्क्याला लागत आणि माणसे पुढे मोटारीने पेण-महाडकडे जात. माझे वडील, आमचे अण्णा, धक्क्यावर हमाली करत. पुढे खाडीवर पूल झाला, एस. टी. त्यावरून धावू लागली. पुलावर गाडी आली की काही प्रवासी खिडकीतून हात काढून पाण्यात नाणे टाकत. पाण्याला पैसा वाहायचा, ही जुनी समजूत. आमच्या घरात ही चाल नव्हती. पण ओहोटी लागली की काठाच्या चिखलात ते पैसे शोधायला आम्हा पोरांना कोणाची ना नव्हती. गुडघाभर चिखल तुडवून दहा पैसे, पाच पैसे मिळत. खाऱ्या पाण्याने ॲल्युमिनियमची नाणी खरबरीत होत, त्यांना बारीक खड्डे पडत. दुकानदार कुरकुर करत घ्यायचा आणि लिमलेटची गोळी द्यायचा.

मी चौथी-पाचवीत असताना, १९९० साली, मला चिखलात एक हिरवट चकती सापडली. मध्ये भले मोठे भोक. मला वाटले मोटारीचा वायसर असेल. फेकून देणार होतो, पण घरी नेली. आजी दारात बसली होती. तिने ती चकती हातात घेतली, नखाने खरवडली, उन्हात धरली.

“आरं पोरा, ह्यो तर भोकाचा पैसा!”

आणि मग ती बराच वेळ काही बोलली नाही.

हा पैसा १९४३ ते १९४७ या काळातला. दुसरे महायुद्ध चालू होते, तांब्याची टंचाई होती. तांबे वाचावे म्हणून सरकारने पैशाच्या मधोमध भोक पाडले. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. म्हणजे असे चौसष्ट पैसे झाले की एक रुपया. लोक हे पैसे दोऱ्यात ओवून ठेवत. आजीही कमरेच्या दोऱ्यात ओवायची. ती तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची, खारेपाटातल्या मिठागरात मजुरीला जाणारी पोर.

त्या दिवशी आजीने सांगितले ते असे. मजुरी मिळाली की ती गावातल्या वाण्याकडे जायची. दुकानाची पायरी चढायची नाही. पैसे पायरीवर ठेवायचे आणि मागे सरकायचे. वाणी त्यावर पाणी शिंपडायचा, मग उचलायचा. तांदूळ-मिरची वरून पदरात टाकायचा आणि उरलेले पैसे अंगणात फेकायचा. भोकाचा पैसा हलका, तो घरंगळत जायचा. कधी गटारात, कधी गुरांच्या पायांत. आजी म्हणाली, “पैसा उचलाय वाकाया लागं, पोरा. पयला पैसा उचलला नि कंबर ताठ केली का दुसरा फेकायचा. मुद्दाम.”

इतकेच. त्यापुढे तिने काही सांगितले नाही. पण मला आजही असे वाटते की, अर्थशास्त्राचा पहिला धडा मी बी. कॉम.च्या वर्गात शिकलो नाही, तो त्या दारात शिकलो. नाण्यावर किंमत छापलेली असते आणि ती सगळ्यांना सारखीच असते. वाण्याच्या गल्ल्यातला पैसा आणि आजीच्या दोऱ्यातला पैसा एकाच टांकसाळीतून आलेला. पाणी शिंपडायचे ते मात्र आजीच्या पैशावर!

याच्याशी आमच्या धरमतरचेही एक नाते आहे, ते फार थोड्यांना ठाऊक आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी बाबासाहेब मुंबईहून निघाले. सोयीचा मार्ग धरमतरचा होता. बोटीने इथवर यायचे आणि पुढे मोटारीने महाड. पण मोटारवाल्यांनी बहिष्कार घातला तर काय करायचे, हा प्रश्न होता. म्हणून हा मार्ग सोडून २४ डिसेंबरला बाबासाहेब सहकाऱ्यांसह ‘पद्मावती’ बोटीने निघाले आणि दुसऱ्या दिवशी दासगावला उतरले. मोटार मिळाली नाही तरी दासगावहून महाड पाच मैल, पायी जाता येण्यासारखे! आता विचार करा. तिकिटाचे पैसे खिशात आहेत, पण ते घेतले जातील याची खात्री नाही. परदेशातून चलनशास्त्रावर डॉक्टरेट घेऊन आलेल्या माणसाच्या खिशातल्या पैशाची ही गत, तर मिठागरातल्या पोरीच्या पैशाची काय असणार?

त्या भोकाच्या पैशानंतर काही महिन्यांनी अण्णा धक्क्यावरून मजुरी घेऊन आले. त्यात एक नवे कोरे रुपयाचे नाणे होते. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीनिमित्त सरकारने काढलेले, १९९० सालचे. एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह, दुसऱ्या बाजूला बाबासाहेबांचा चेहरा. घरात एकच गडबड उडाली. हा रुपया या हातातून त्या हातात फिरला. अण्णा म्हणाले, हा खर्च करायचा नाही, तसबिरीपुढे ठेवायचा. आई म्हणाली, “ठेवा खुशाल, पण उद्याच्या चहाला पत्ती नाही.” त्यावरून दोघांची बोलाचाली झाली. रुपया म्हणजे तेव्हा आमच्या घरात थट्टा नव्हती.

शेवटी आजीने हात पुढे केला. “आणा तो हिकडं. मी जाते दुकानात.”

अण्णा म्हणाले, “आये, खर्च करणार?”

“खरच करायाच न्हेते. बघूं दे त्याला बी.”

मी तिच्याबरोबर गेलो. हे दुकान वेगळे, दुकानदार वेगळा, काळही बदललेला. पायरीबियरीचा प्रश्न राहिला नव्हता. आजी थेट फळीपाशी गेली आणि रुपया फळीवर न ठेवता तिने तो दुकानदाराच्या हातात दिला. “बारा आण्याची चहापत्ती दे. आणि ह्यो नीट ठेव, ह्यो आमचा बाबा हाय.”

दुकानदार तरुण होता. त्याने नाणे उलटसुलट पाहिले. “अरे वा, आजी, नवीन निघालं वाटतं!” म्हणाला. पुडी दिली आणि चार आणे परत म्हणून फळीवर ठेवले. सगळ्याच गिऱ्हाइकांचे सुटे तो तसे ठेवायचा. त्याच्या मनात काही नव्हते. पण आजीने ते उचलले नाहीत. ती तळहात पुढे करून उभी राहिली. दुकानदाराला काही कळेना. मलाही कळेना. मागे दोन गिऱ्हाइके खोळंबली होती. मग त्याने ते नाणे फळीवरून उचलले आणि आजीच्या हातावर ठेवले.

आजीने मूठ मिटली. वाटेत ती एक शब्द बोलली नाही. मूठ घरी येईपर्यंत उघडली नाही.

ते नाणे म्हणजे गेंड्याचे चित्र असलेली स्टीलची पावली. आजी १९९८ साली गेली. तिची चंची सोडली तेव्हा सुपारीच्या खांडांखाली एका चिंधीत दोन नाणी निघाली. एक मी आणलेला भोकाचा पैसा आणि एक ती पावली. इतक्या वर्षांत कितीदा घरात मीठ संपले असेल, पण तिने पावली मोडली नव्हती. आईने चिंधीसकट दोन्ही नाणी बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात ठेवली. हा आमच्या संग्रहाचा प्रारंभ!

डबा झाला तशी इतर नाणी त्यात येऊ लागली. अण्णांच्या जुन्या पाकिटात १९५७ चा ‘नया पैसा’ निघाला. त्या वर्षी १ एप्रिलपासून आणे-पै जाऊन रुपयाचे शंभर नये पैसे झाले. चार आण्यांचे बरोबर पंचवीस होत, पण एका आण्याचे सव्वासहा. मग आण्याला सहाच धरत. तो पाव पैसा कोणाच्या खिशात गेला यावर धक्क्यावर भांडणे होत, असे अण्णा सांगतात. १ जून १९६४ पासून ‘नया’ हा शब्द गेला, नुसता पैसा राहिला. आईकडे १९६८ पासून निघालेले कमळाचे पितळी वीस पैसे होते. त्यात सोने आहे अशी तिची पक्की समजूत. सोने नाही हे सांगून मी थकलो, पण ती हसते आणि नाणे पुन्हा पुसून ठेवते. डिसेंबर २०१५ मध्ये बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीवर्षानिमित्त दहा रुपयांचे नाणे निघाले, तेही आले. १९९० चा रुपया मात्र पुढे मला एस. टी.च्या कंडक्टरकडून सुट्ट्या पैशांत मिळाला. आजीने दिलेला तो रुपया कुठे गेला, कोणाकोणाच्या हातातून फिरला, कोण जाणे. फिरला, हेच आजीला हवे होते.

डब्यामुळेच मी नाण्यांविषयी वाचू लागलो. नाशिकजवळ जोगलटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. सुमारे १३,२५० नाणी, सगळी क्षत्रप राजा नहपानाची. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला! नहपानाचा पराभव झाला ही गोष्ट त्या नाण्यांनीच सांगितली. नाण्यावरचा ठसा बदलला की समजावे, काळ बदलला. आपल्याकडेही इंग्रज गेले आणि १५ ऑगस्ट १९५० च्या नाण्यांवर राजाच्या जागी सारनाथचे सिंह आले.

याच नहपानाचा जावई उषवदात. नाशिकच्या लेण्यात त्याचा शिलालेख आहे. त्याने भिक्खुसंघाला लेणे दिले आणि तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. मुद्दल मोडायचे नाही, फक्त व्याज घ्यायचे. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व्याज. त्यातून वर्षावासातल्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण. मी कारकून माणूस, लगेच कागद घेतला. दोन हजारांचे महिन्याला वीस, वर्षाचे दोनशे चाळीस, भागिले वीस भिक्खू, बरोबर बारा! सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हिशेब, पै-पैशाने जुळतो. दान कसे द्यावे आणि ठेव कशी ठेवावी, हे आपल्या विहार समित्यांनी त्या भिंतीवरून शिकण्यासारखे आहे.

बाबासाहेबांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजी जड आहे, मी तो दोनदा अर्ध्यावर सोडला आणि तिसऱ्यांदा पुरा केला. त्यातले माझ्या बुद्धीला उमगले ते इतकेच की, रुपयाने बाजारात किती धान्य, किती कापड येते ती त्याची खरी किंमत. ती स्थिर राहिली तरच रुपया स्थिर. पुढे १९२५ साली त्यांनी हिल्टन यंग कमिशनपुढे साक्ष दिली. या कमिशनने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली. १९३४ चा कायदा होऊन १ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली. आपण भाषणांत याहून जास्त काही सांगतो. पण आहे तेवढेच सांगावे, तेवढेही थोडे नाही.

असो. आता मुलीच्या लाख रुपयांकडे वळतो.

त्या संध्याकाळी डबा समोर घेऊन बसलो. मी तिला म्हटले, ज्याला तुझे नाणे घ्यायचे आहे त्याने तुला पैसे द्यायचे की तू त्याला? ती गप्प झाली. भोकाचा पैसा युद्धकाळात अमाप निघाला, तो दुर्मिळ नाही. शताब्दीचा रुपयाही सर्वत्र मिळतो. ऑगस्ट २०२१ मध्ये खुद्द रिझर्व्ह बँकेने इशारा दिला आहे की, जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि त्यासाठी ती कसलीही फी किंवा कमिशन मागत नाही. आपल्या वस्त्यांत कितीतरी भगिनी या जाहिरातींना भुलतात. तेव्हा आगाऊ फी मागणाऱ्याला एक पैही पाठवू नका.

घरात जुनी नाणी असतील तर आणखी चार गोष्टी लक्षात ठेवा. चिंच, लिंबू किंवा पितांबरी लावून ती घासू नका. वरचा थर गेला की नाण्याचे मोलही जाते. नाणे कडेने धरा, कागदाच्या कोरड्या पुडीत ठेवा. साल असते त्याच्या खाली बघा: चौकट असेल तर नाणे मुंबईच्या टांकसाळीचे, चांदणी असेल तर हैदराबादचे, बारीक टिंब असेल तर नोएडाचे, काहीच नसेल तर कोलकात्याचे. मुलांना हा खेळ आवडतो. आणि पाया खणताना जमिनीत पुरलेले धन सापडले, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरच्या किमतीचे धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. लपवून गोत्यात येऊ नका.

मुलीने जाहिरात पुसून टाकली. मग तिने पावली उचलली आणि विचारले, “आणि याची किंमत किती?”

मी म्हटले, काहीच नाही. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली. त्याआधी बँकेत नाणी बदलून मिळत होती. तेव्हा अण्णा मला म्हणाले होते, “बाकीची ने हवी तर. आयेची राहू दे.”

मग मी तिला दुकानातली ती गोष्ट सांगितली. एवढी मोठी होईपर्यंत मी ती तिला सांगितली नव्हती, याची मला लाज वाटली. आपण मुलांना महाड सांगतो, नाशिक सांगतो, ते सांगायलाच हवे. पण आपल्या स्वतःच्या आजीने कुठे हात पसरला आणि कुठे तो पसरायचे नाकारले, ते सांगायचे राहूनच जाते.

दुसऱ्या दिवशी मुलीने वहीच्या कागदाच्या पुड्या केल्या. प्रत्येक पुडीवर नाण्याचे साल लिहिले आणि ते कोणाकडून, कसे आले, ते अण्णांना आणि आईला विचारून लिहिले. पन्नास-साठ नाण्यांबद्दल कोणालाच काही आठवले नाही. त्या पुड्या कोऱ्या राहिल्या. पावलीच्या पुडीवर तिने लिहिले आहे: ‘पणजीला दुकानदाराने हातात दिलेले चार आणे. सन १९९०.’

वाचकहो, तुमच्याही घरी असा एखादा डबा, एखादी चंची, एखादी गाठ मारलेली चिंधी असेल. तिच्यातल्या नाण्याचा भाव कोणाला विचारू नका. ते कोणी आणि का जपले, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा आणि चिठ्ठीवर लिहून ठेवा. उद्या विचारायला माणूस असेलच असे नाही.

जयभीम.